कंपनी परदेशातली, नोटीस लोट्याच्या गेटवर: मंदीत आपल्या बाजूने तिकडे कोण बोलणार?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता), सोमवार, रात्री ९:५०

आमच्या प्लांटची तिसरी पाळी बंद होऊन सात आठवडे झाले. मी लोटे-परशुराम एमआयडीसीत एका रसायन कारखान्यात एकोणीस वर्षं ऑपरेटर आहे आणि गेली सहा वर्षं आमच्या अंतर्गत युनियनचा सेक्रेटरी. कंपनीचं मुख्यालय युरोपात आहे. नाव लिहीत नाही, कारण बोलणी चालू आहेत. मला माणसांच्या नोकऱ्या वाचवायच्या आहेत, कुणाची बदनामी करायची नाही. कायम कामगार १८४, ठेकेदाराकडची माणसं त्याहून जास्त.

मंदी आलीय हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. गेटबाहेर टँकर उभे राहतात, तिथे ड्रायव्हर लोक स्टोव्ह पेटवून भात शिजवायचे. ती जागा रिकामी दिसायला लागली. मग ओव्हरटाइम बंद झाला. मग एक रिअ‍ॅक्टर धुऊन, नायट्रोजन देऊन नुसता ठेवून दिला. पुढची बॅच कधी, असं शिफ्ट इनचार्जला विचारलं की तो प्लॅनिंगकडे बोट दाखवायचा. आणि एका सोमवारी टाइम ऑफिसशेजारच्या बोर्डावर नोटीस लागली. इंग्रजीत, दीड पान. पहिल्या पाळीची माणसं घरी जायच्या बसऐवजी त्या बोर्डासमोर उभी. पुढचा वाचून मागच्याला मराठीत सांगत होता आणि प्रत्येकाच्या तोंडी अर्थ थोडा थोडा बदलत होता.

आम्ही मॅनेजर साहेबांकडे गेलो. साहेब बरे आहेत, चिपळूणलाच राहतात, मुलं इथल्याच शाळेत. ते म्हणाले, "मलाही शुक्रवारी संध्याकाळी मेल आली." माझा त्यांच्यावर विश्वास आहे. इथे ज्याच्यासमोर आम्ही टेबल वाजवणार, त्याच्या हातातही काही नव्हतं.

खरा धक्का नंतर बसला. तिकडच्या कारखान्यातला एक तंत्रज्ञ आमच्याकडे मशिनच्या कामाला आला होता. मनमोकळा माणूस. आम्ही दोघं-तिघं त्याला चिपळुणात जेवायला घेऊन गेलो. सुरमईचा तुकडा मोडता मोडता तो सहज म्हणाला की हे सगळं त्याला दिवाळीच्या आधीच कळलं होतं. वेगवेगळ्या देशांतल्या कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी वर्षातून एकदा वरिष्ठ व्यवस्थापनासमोर बसतात, दुभाषे असतात, आकडे समोर ठेवतात. त्या कागदात लोट्याचं नाव होतं. नोटीस लागायच्या पाच महिने आधी.

मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याला जे मिळतं ते मिळायलाच हवं. पण त्या रात्री परशुराम घाट उतरताना एकच गोष्ट डोक्यात होती. मंदीत कुठेतरी कापावं लागणार हे मलाही कळतं. कुठे कापायचं हे ज्या खोलीत ठरतं, तिथे पोलंडच्या, फ्रान्सच्या कामगाराची खुर्ची आहे. आमची नाही. आम्ही इथे कितीही एकजूट केली तरी ती निर्णय झाल्यानंतरची एकजूट. मग उरतं काय, तर व्हीआरएसचा आकडा वाढवून घेणं.

म्हणून विचारतोय. ही तिकडची व्यवस्था नक्की काय आहे? आपल्यासारख्यांना त्यात शिरता येतं का? कुणी अनुभवातून सांगितलं तर उपकार होतील.

---

कुंभार्ली_घाट, सोमवार, रात्री १०:२०

मीही लोट्यातच, दुसऱ्या कंपनीत. आमच्याकडे टँकर अजून लागतात, पण ओव्हरटाइम गेल्या महिन्यापासून बंद आहे. धागा साठवून ठेवलाय.

---

सारंग_दाभोळ, सोमवार, रात्री ११:४०

दादा, 'तिकडे कोण बोलणार' ही ओळ वाचून उठून बसलो. आमच्या धंद्यात याचं उत्तर आहे. अर्धवट असेल, पण आहे.

मी एकतीस वर्षं बोटीवर काढली, शेवटची बारा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून. मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा, भरती मुंबईच्या एजंटाकडून, कप्तान युक्रेनचा, स्वयंपाकी फिलिपिन्सचा. अशा बोटीवर पगार अडला तर कुठल्या देशाच्या दारात जायचं? मालक नेमका याच गुंत्यासाठी परका झेंडा लावतो. म्हणून आयटीएफ, म्हणजे जगभरच्या वाहतूक कामगार संघटनांचा महासंघ, १९४८ पासून या 'सोयीच्या झेंड्यां'विरुद्ध लढतोय. ठिकठिकाणच्या बंदरांत त्यांचे इन्स्पेक्टर असतात. करार मान्य असलेल्या बोटीला ते ब्लू सर्टिफिकेट देतात. बोटीवर चढलं की आम्ही जुनी माणसं आधी ते आहे का बघायचो.

२००८ सालची गोष्ट. सुक्या मालाच्या भाड्याचा बाल्टिक निर्देशांक मे महिन्यात ११,७०० च्या वर होता, डिसेंबरात ७०० च्या खाली आला. सात महिन्यांत. पुढच्या वर्षी आमची बोट स्पेनच्या एका बंदराबाहेर नांगरावर पडली. माल नाही, मालकाचा फोन लागत नाही, तीन महिने पगार नाही. गोडं पाणी मोजून. आंघोळ पावसाच्या पाण्याने, त्यासाठी हॅचवर ताडपत्रीची झोळी बांधलेली. बावीस माणसं, पाच देशांची.

एके सकाळी लाँचमधून एक बाई आली. आयटीएफची इन्स्पेक्टर. आम्हाला वाटलं आधी धीर देईल, विचारपूस करेल. तिने मेसमध्ये बसून पहिला प्रश्न विचारला: प्रत्येकाची ओव्हरटाइमची वही कुठे आहे? ज्यांनी रोजचे तास लिहून ठेवले होते त्यांचा हिशोब तासाभरात झाला. नव्या पोरांनी लिहिलंच नव्हतं. त्यांच्यासाठी डेकचं लॉगबुक धुंडाळायला दोन दिवस गेले. नंतर कोर्टातून बोट अडकवली, लिलाव झाला आणि विक्रीच्या पैशातून आमचे पगार निघाले. खलाशाच्या पगाराचा हक्क बोटीवरच असतो आणि बहुतेक देणेकऱ्यांच्या आधी लागतो, हे मला तेव्हा कळलं. घरी पोचायला आठ महिने लागले.

आता कायदा त्याहून बरा आहे. सागरी कामगार करार २००६ सालचा, अंमलात आला २०१३ मध्ये, भारताने मान्य केला २०१५ मध्ये. जानेवारी २०१७ पासून सोडून दिलेल्या बोटीवरच्या माणसांसाठी मालकाने विमा घेणं बंधनकारक आहे. चार महिन्यांपर्यंतचा पगार, अन्नपाणी आणि घरी परतायचा खर्च. त्याचं प्रमाणपत्र बोटीवर सगळ्यांना दिसेल असं लावावं लागतं. आणि पगाराच्या वाटाघाटीसाठी २००३ पासून एक कायमचं टेबल आहे. एका बाजूला जहाजमालकांचे गट, दुसऱ्या बाजूला आयटीएफ. त्यात मालकांच्या देशांतल्या युनियन असतात आणि भारत, फिलिपिन्स अशा खलाशी पुरवणाऱ्या देशांतल्याही.

हे कुणी दान दिलेलं नाही. बंदरातल्या डॉकरने माल उतरवायला नकार दिला की मालकाचा रोजचा तोटा सुरू होतो, म्हणून मिळालं. रॉटरडॅमच्या डॉकरला दाभोळच्या सारंगाचं नावही माहीत नव्हतं, तरी तो आमच्यासाठी हात बांधून उभा राहिला. तुमच्या कंपनीत तुमचा रॉटरडॅमचा डॉकर कोण, ते शोधा.

---

कुंभार्ली_घाट, मंगळवार, सकाळी ६:१५

सारंगकाका, पाळीला जाताना बसमध्ये वाचलं. आजपासून वही सुरू.

---

स्टुटगार्टची_चिपळूणकरीण, मंगळवार, दुपारी १:३०

माहेर चिपळूण, सोळा वर्षं जर्मनीत. माझी कंपनी गाड्यांच्या सुट्या भागांची आहे, रसायनांची नाही, पण व्यवस्था ओळखीची आहे. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

त्या तंत्रज्ञाने सांगितली ती युरोपीय कामगार परिषद. युरोपीय संघाने १९९४ मध्ये नियम केला, २००९ मध्ये तो नव्याने लिहिला. कंपनीची संघातल्या देशांत मिळून किमान १,००० माणसं हवीत आणि निदान दोन देशांत प्रत्येकी १५० तरी. दोन देशांतल्या मिळून १०० कामगारांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी लेखी मागणी केली की व्यवस्थापनाला बोलणी सुरू करावी लागतात. तीन वर्षांत करार झाला नाही तर कायद्यातली ठरावीक चौकट आपोआप लागू होते. एकाहून जास्त देशांना झळ पोचवणारा निर्णय असेल तर या परिषदेला माहिती द्यायची आणि मत विचारायचं. मत विचारायचं, मान्यता घ्यायची नाही. नकाराधिकार तिला नाही.

हे कागदावरचं झालं. रेनॉने फेब्रुवारी १९९७ मध्ये बेल्जियममधला व्हिल्वोर्डेचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. तीन हजारांवर माणसं. परिषदेला आधी विचारलंच नव्हतं. बेल्जियन कामगारांबरोबर फ्रान्स आणि स्पेनमधले रेनॉचे कामगारही काम थांबवून उभे राहिले, फ्रेंच कोर्टाने कंपनी चुकली असा निकाल दिला. तरी कारखाना त्याच वर्षी बंद झाला. म्हणून ही परिषद म्हणजे ढाल आहे असं समजू नका. वाऱ्याची दिशा आधी कळावी म्हणून लावलेलं निशाण म्हणा.

पण २००४ चं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. जनरल मोटर्सला युरोपात १२,००० नोकऱ्या कमी करायच्या होत्या. जर्मनी, स्वीडन, बेल्जियम, ब्रिटन असे कारखाने आपापसात स्पर्धा करतील, जो जास्त सवलत देईल तो वाचेल, असा हिशोब असतो. तिथल्या परिषदेने ठरवलं की झळ सगळ्यांनी वाटून घ्यायची, पण एकही कारखाना बंद पडू द्यायचा नाही. १९ ऑक्टोबरला सगळ्या देशांत एकाच दिवशी निदर्शनं झाली आणि डिसेंबरात करार झाला. नोकऱ्या गेल्या, पण स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्यांच्या, पैसे देऊन. पुढच्या मोठ्या मंदीनंतर अँटवर्पचा कारखाना २०१० मध्ये बंद झालाच, हेही सांगायला हवं. मधली सहा वर्षं मात्र त्या माणसांना मिळाली. सहा वर्षांत पोरगं दहावीला असेल तर पदवीधर होतं.

आता तुमचा प्रश्न. भारतातल्या कामगाराला या परिषदेत कायद्याने जागा नाही. काही कंपन्यांनी स्वतःहून जागतिक परिषद केली आहे. फोक्सवॅगनची तशी आहे. जर्मनीत मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्मे सदस्य कामगारांचे असतात, पण त्यांना मत द्यायचा अधिकार फक्त जर्मनीतल्या कामगारांना. टुई या जर्मन पर्यटन कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये हे ग्राह्य धरलं. तिथे बाकीच्या युरोपीय देशांतल्या कामगारालाही मत नाही, मग लोट्याची गोष्टच दूर.

तरीही दार बंद नाही. परिषदेचे सदस्य कामगारच असतात, बहुतेक कुठल्या ना कुठल्या युनियनचे. तुमचं क्षेत्र रसायनांचं, म्हणजे तिकडची युनियन जवळजवळ नक्की इंडस्ट्रीऑल या जागतिक कामगार महासंघाशी जोडलेली असणार. २०१२ मध्ये कोपनहेगनला तीन जुने महासंघ एकत्र येऊन हा झाला. भारतातलेही महासंघ त्यात आहेत. तुमची अंतर्गत युनियन कुणाशी संलग्न आहे का? नसेल तर तुमचा आवाज तिथपर्यंत जायला अधिकृत रस्ताच नाही.

आणि मूळ कंपनी जर्मन असेल तर तेही सांगा. जर्मनीत १,००० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना इथल्या पुरवठा-साखळी कायद्याखाली तक्रारीची सोय ठेवावी लागते, आणि संघटना करण्याचा हक्क त्यात येतो.

एक बाजू त्या तंत्रज्ञाची. परिषदेत दिलेली काही माहिती गोपनीय असते, सदस्याने ती बाहेर बोलली तर त्याची नोकरी अडचणीत येते. तो तुमच्यासमोर बोलला हे त्याचं धाडस आहे. त्याचं नाव कुठेही येऊ देऊ नका.

---

खेडचा_आयटीआय, मंगळवार, संध्याकाळी ७:०५

सगळ्यांचा मान राखून वेगळं बोलतो. मी फिटर ट्रेड केलाय, अप्रेंटिस झालीय, दीड वर्ष घरी आहे. माझ्या बॅचमधली अर्धी पोरं पुण्याला आणि नवी मुंबईला गेली. इथे परदेशी कंपनी टिकली पाहिजे, नवी आली पाहिजे. तुमचं पत्र तिकडे गेलं आणि 'लोट्यात कटकट आहे' असं ठरलं, तर पुढची गुंतवणूक गुजरातेत दहेजला जाईल. कायम कामगारांना आज खुर्ची हवी. आम्हाला आधी गेटच्या आत पाऊल हवं. रागाने लिहीत नाही. खरंच भीती वाटते.

---

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता), मंगळवार, रात्री १०:१०

भावा, तुझी भीती खरी आहे. माझा धाकटा पुढच्या वर्षी आयटीआयला जाईल, त्यामुळे ती माझ्या घरातलीच आहे.

पण बघ. ते पाच महिने आम्ही गप्पच होतो, कारण माहीतच नव्हतं. त्या गप्प राहण्याने काय वाचलं? उलट कळलं असतं तर आमच्याकडे सांगायला होतं. वार्षिक शटडाउन आम्ही मे महिन्यात घेतो, पाऊस यायच्या आत कूलिंग टॉवर आणि पाइपलाइनची कामं उरकायला. काम नव्हतं तेव्हाच ते घेतलं असतं तर मेमध्ये प्लांट चालू ठेवता आला असता. साठलेल्या रजा पाळीपाळीने घेतल्या असत्या. एका जुन्या उत्पादनाचं यील्ड, म्हणजे तेवढ्याच कच्च्या मालातून निघणारा माल, वाढवायची एका ऑपरेटरची सूचना दोन वर्षं फाइलमध्ये पडून आहे. हे तिकडे बसलेल्या माणसाला कळणार कसं? त्याच्या तक्त्यात लोटे म्हणजे एक ओळ.

कंपनी जावी असं आम्हाला कधीच वाटलं नाही. ती राहावी म्हणूनच बोलायचंय.

---

लेबर_कोर्टाची_पायरी, बुधवार, सकाळी ८:४०

कामगारांच्या बाजूने वकिली करतो, कोकणातच. भावना समजल्या. आता तुमच्या पायाखालची जमीन सांगतो.

औद्योगिक संबंध संहिता २०२० सालची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. १९४७ च्या कायद्यात कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांची होती, ती आता ३०० झाली. तुम्ही १८४. म्हणजे उद्या बंद करायचं ठरलं तर परवानगीचा टप्पाच नाही. ६० दिवसांची नोटीस आणि वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराप्रमाणे भरपाई. एकोणीस वर्षांचे साडेनऊ महिन्यांचे पगार. ग्रॅच्युइटी वेगळी. नोटिशीत कारणं द्यावी लागतात, पण परवानगी देण्याआधी सरकार ती तपासायचं, कामगारांचं म्हणणं ऐकायचं, तो टप्पा गेला. माहिती मिळवण्याचं आपलं एक दार इथे बंद झालं. म्हणून तिकडचं दार शोधणं आता शौक राहिलेला नाही.

हातात काय उरलं? १०० च्या वर कामगार असतील तर कामगार आणि व्यवस्थापनाची समसमान वर्क्स कमिटी सरकारी आदेशाने नेमता येते. बहुतेक ठिकाणी ती कँटीनचा चहा आणि बूट एवढ्यावरच बोलते. तिच्यापुढे उत्पादनाच्या नियोजनाचा विषय लेखी ठेवा, नोंद करून घ्या. दुसरं, हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचं सभासदत्व असेल तर वाटाघाटी करणारी एकमेव युनियन म्हणून मान्यता मिळते. तुमचे सभासद किती, ते आजच मोजा.

परदेशी मार्गांत आणखी एक आहे. ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या, आर्थिक संघटनेची बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं १९७६ पासून आहेत, शेवटची सुधारणा २०२३ ची. त्यात स्पष्ट म्हटलंय की मोठ्या प्रमाणावर नोकऱ्या जाणार असतील तर कामगार प्रतिनिधींना वाजवी आगाऊ सूचना द्यावी, आणि 'काम दुसऱ्या देशात हलवू' अशी धमकी वाटाघाटीत वापरू नये. भारत यात सामील नाही. पण मूळ कंपनीचा देश सामील असेल तर ही तत्त्वं मोडल्याच्या तक्रारी बघणाऱ्या तिथल्या सरकारी 'राष्ट्रीय संपर्क केंद्रा'कडे आपण तक्रार करू शकतो.

मुंबईतल्या शिवडीच्या युनिलिव्हरच्या कारखान्याबद्दल आययूएफ या अन्न-कामगारांच्या जागतिक महासंघाने २००६ मध्ये ब्रिटनच्या केंद्राकडे अशी तक्रार केली होती. आसाममधल्या डूमडूमाबद्दलही केली. सगळ्यात ठळक फळ मिळालं ते पाकिस्तानात, खानेवालच्या चहाच्या कारखान्यात. ब्रिटनमधल्या मध्यस्थीतून २००९ मध्ये तडजोड झाली आणि २०० हंगामी कामगार कायम झाले. ज्यांना वाटतं की असल्या कागदांना अर्थ नाही, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. या केंद्राचा निर्णय कोर्टाच्या हुकमासारखा बांधील नसतो, वेळही खूप लागतो. म्हणून तक्रार ही शेवटची पायरी. आधी पत्र.

---

कुडाळचो_झील, बुधवार, दुपारी ३:५०

माझो बापूस परळाक गिरणीत होतो. १८ जानेवारी १९८२ चो संप आमच्या घरात अजून निघता. आमच्या वाडीतले वीस-पंचवीस जण एका खोलीत रवत. तीन पाळयो, म्हणान झोपाक जागा गावायची. बापूस सांगता, खयच्या गिरणीत काय चल्लाहा ता रात्री जेवताना सगळ्यांका कळायचा. दहा गिरणये, एक खोली. मालकांका वाटायचा ह्यांका कसा कळता! तुमका आता तशी खोली व्हयी, फक्त ती दोन देशांत पसरलेली.

आणि एक. तेव्हा कायद्यान एकच युनियन मानलेली आणि कामगार उभे होते दुसऱ्याच्या मागे. त्या भांडणात माणसा मेली. तिकडे आपला कोणी बोलात, पण तो आपण नेमलेलो होयो.

---

लोटे_गेट_३, बुधवार, रात्री ८:२५

पहिल्यांदाच लिहितेय. माझे मिस्टर याच एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहेत. होते. अकरा वर्षं एकाच प्लांटमध्ये बॅगिंगला, मधे तीन ठेकेदार बदलले, माणूस तोच. त्यांच्यासाठी बोर्डावर नोटीस लागली नाही. सोमवारी सकाळी गेटवर कार्ड लावलं तर लाल दिवा लागला. सिक्युरिटीवाला ओळखीचा, त्याने मान खाली घातली. डबा उघडलाच नाही, तसाच घरी आला.

इथे सगळ्यांनी एवढं अभ्यासपूर्ण लिहिलंय, पण १८४ मध्ये आमचं माणूस कुठेच नाही. परदेशात पत्र पाठवाल तेव्हा आमचा आकडा लिहाल का?

---

वेलदूर_अंजनवेल, बुधवार, रात्री ९:४०

ताई, तुमचं वाचून आमच्या खाडीकडची आठवण आली. एन्रॉनचा दाभोळ पॉवर प्रकल्प आमच्या उशाशी. पहिला ७४० मेगावॉटचा टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ च्या मे महिन्यात बंद. २ डिसेंबर २००१ ला अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी ह्यूस्टनमध्ये सुमारे ४,००० लोकांना घरी पाठवलं. त्यांचीही वाताहत झाली, म्हातारपणाची पुंजी कंपनीच्या शेअरमध्ये अडकलेली होती. पण त्यांच्या मागे तिथला कामगार महासंघ उभा राहिला, दिवाळखोरीच्या कोर्टात त्यांची बाजू मांडली गेली आणि २००२ मध्ये त्यांना वाढीव रक्कम मिळाली.

इथे मी तेव्हा कॉलेजात होतो. बांधकामावरच्या लोकांसाठी गावात भाड्याने दिलेल्या खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. खानावळीच्या भिंतीवर खडूने लिहिलेली उधारीची नावं तशीच राहिली, बिहारची, आंध्रची, आपल्या गुहागर तालुक्यातलीही. ते कुणाचे कामगार होते, हे सांगणारा एकही कागद त्या ह्यूस्टनच्या कोर्टासमोर कुणी ठेवला नसेल. यादीच कुणी केली नव्हती.

२००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी प्रकल्प ताब्यात घेतला, तो भाग वेगळा. पत्रात यादी हवीच. नावानिशी.

---

सारंग_दाभोळ, बुधवार, रात्री १०:०५

वेलदूरकरांशी शंभर टक्के सहमत. आमच्या बोटीवर त्या बाईने कप्तानापासून मेसबॉयपर्यंत एकच यादी केली होती.

---

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता), बारा दिवसांनी, सोमवार, रात्री ११:१५

उशीर झाला, माफ करा.

लोटे_गेट_३ ताई, तुमच्या प्रतिसादानंतर दुसऱ्याच दिवशी कमिटीची बैठक घेतली. बैठक सोपी गेली नाही. काही जण म्हणाले की ठेकेदाराची माणसं घेतली तर कंपनी म्हणेल हा आमचा विषयच नाही, आणि आपलं पत्रही बाजूला पडेल. अडीच तास चाललं. शेवटी आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, जे येत्या गणपतीनंतर रिटायर होणार आहेत, ते म्हणाले, "आग लागली तेव्हा होजपाइप धरायला ते आपल्याच बाजूला उभे होते." त्यांनी आपलं नाव यादीत शेवटी घालायला सांगितलं. त्यानंतर हात वर झाले.

पत्र दोन पानांचं झालं. वकीलसाहेबांनी तपासलं, स्टुटगार्टच्या ताईंनी इंग्रजी नीट केलं आणि परिषदेच्या अध्यक्षांचा पत्ता शोधून दिला. तंत्रज्ञाचा उल्लेख कुठेही नाही. आम्ही तक्रार केलेली नाही. मागितलंय एवढंच: लोट्याबद्दलचा जो कागद गोपनीय नसेल तो आम्हाला द्या, पुढच्या बैठकीत आमचा एक माणूस निरीक्षक म्हणून ऐकू द्या, आणि पाळी बंद करण्याऐवजी काय करता येईल यावर आमच्या पाच सूचना व्यवस्थापनासमोर ठेवा. सोबत यादी, कायम १८४ आणि ठेकेदारांकडची २३१ नावं, किती वर्षं काम केलं त्यासकट. मॅनेजर साहेबांना प्रत आम्ही स्वतः नेऊन दिली. त्यांनी पूर्ण वाचली, पोच सही करून दिली.

खेडच्या भावाने यादी टाइप करायला दोन रात्री दिल्या. त्याचं मत अजून तेच आहे, पण आला.

आज उत्तर आलं. परिषदेच्या अध्यक्ष स्वतः एका कारखान्यात लॅबमध्ये काम करतात. त्या लिहितात की निरीक्षकाची जागा देणं त्यांच्या एकटीच्या हातात नाही, करार बदलावा लागेल आणि व्यवस्थापन लगेच तयार होईल असं त्यांना वाटत नाही. पण गुरुवारी आपल्या वेळेप्रमाणे संध्याकाळी साडेसातला त्या आणि आणखी दोन देशांतले प्रतिनिधी आमच्याशी व्हिडिओवर बोलणार आहेत. त्याआधी त्यांनी एकच गोष्ट मागितलीय: गेल्या तीन वर्षांत प्रत्येक पाळीला प्रत्यक्षात किती माणसं होती आणि ओव्हरटाइम किती झाला. कंपनीने तिकडे दिलेल्या आकड्यांशी त्यांना ते ताडून बघायचंय.

तेव्हा आमच्या प्लांटचे जे कोणी हे वाचत असतील, कायम असोत वा ठेकेदाराकडचे, त्यांनी आपल्या हजेरीच्या आणि ओव्हरटाइमच्या वह्या बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत आवाशीच्या स्टॉपजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात आणून द्याव्यात. रात्री दहापर्यंत मी स्वतः तिथे बसलेला असेन, वही लगेच परत मिळेल. वही नसेल तर पगाराच्या पावत्या आणा.